डिझेल गाडीचा चार्जिंगचा लाल दिवा: बॅटरी बदलण्याआधी सर्किट असं तपासा

चावी ऑन केली की डॅशबोर्डच्या मीटरमध्ये बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. हे रोजचंच असल्यामुळे तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. मग एखाद्या दिवशी तो विझत नाही, किंवा मंद पेटत राहतो, किंवा मुळात लागतच नाही. गॅरेजमध्ये गेलात की पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं, "बॅटरी गेली." नवी बॅटरी बसते, चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी सेल्फ पुन्हा "कट्ट" करून थांबतो.

माझी जुनी डिझेल गाडी ऐरोलीत, खाडीच्या बाजूला उघड्यावर उभी असते. या दिव्याने मला बराच काळ छळलं आहे. त्यातून जे समजलं ते इथे क्रमाने लिहितोय. यातलं निम्मं काम एक साधा मल्टीमीटर आणि अर्धा तास एवढ्यावर घरच्या घरी होतं. पुढचं काम गॅरेजला द्यावं लागलं, तरी नेमकं काय सांगायचं ते तुम्हाला माहीत असेल.

आधी हे समजून घ्या: हा दिवा नुसता सूचना देत नाही

दिव्याच्या एका टोकाला चावीतून आणि फ्यूजमधून बॅटरीचा प्लस येतो. दुसरं टोक एका बारीक वायरने अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, जोडलेलं असतं (आपल्याकडे बरेच मेकॅनिक त्याला अजून डायनॅमोच म्हणतात). त्या जागेवर डी प्लस, एल किंवा आयएनडी अशी खूण असते. चावी ऑन आणि इंजिन बंद असताना करंट दिव्यातून अल्टरनेटरमध्ये जातो आणि कार्बन (ब्रश), रोटर म्हणजे आतल्या फिरत्या भागाची कॉइल, कटआउट (व्होल्टेज रेग्युलेटर) या वाटेने अर्थ होतो, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसला पोचतो. म्हणून दिवा लागतो. हाच करंट रोटरमध्ये चुंबकत्व तयार करतो. साधारण दोन-तीन वॅटचा बल्ब, म्हणजे पाव अँपिअरच्या आसपासचा करंट. एवढ्यावर अल्टरनेटर जागा होतो. इंजिन फिरू लागलं की डी प्लसवरही चौदा व्होल्टच्या आसपास येतात, दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब होतो आणि तो विझतो.

म्हणजे तो बल्बच उडाला, तर ठणठणीत अल्टरनेटरही कदाचित चार्जिंग सुरू करणार नाही. चावी ऑन केल्यावर दिवा न लागणं म्हणूनच गंभीर आहे. इंजिन जोरात रेस केल्यावर अल्टरनेटर उरल्यासुरल्या चुंबकत्वावर कधीकधी जागा होतो. त्यामुळे हायवेवर सगळं ठीक वाटतं, पण ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये, छोट्या फेऱ्यांत बॅटरी उतरत जाते.

हे कोणत्या गाड्यांना लागू आहे

जुनी सुमो, जुनी बोलेरो डीआय, पहिला छोटा हत्ती, टेम्पो अशा साध्या वायरिंगच्या बारा व्होल्टच्या गाड्यांना हे सगळं लागू पडतं. कळंबोलीला उभ्या असतात त्या चोवीस व्होल्टच्या ट्रकवर खालचे आकडे दुप्पट धरा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत आणि त्याआधीच्याही अनेक कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरच्या) गाड्यांत अल्टरनेटर आणि दिवा दोन्ही ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, ताब्यात असू शकतात. तिथे पहिल्या तीन पायऱ्या करा आणि थांबा. वायर अर्थला टेकवण्याची तपासणी तिथे अजिबात करायची नाही. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हातच लावू नका.

काय लागेल

- डिजिटल मल्टीमीटर. साधा चालतो, फक्त त्याच्या पिना तुटक्या नकोत.
- टेस्ट लॅम्प: दोन-तीन ते पाच वॅटचा बारा व्होल्टचा बल्ब, होल्डर, दोन वायरी आणि टोकांना क्लिपा.
- दहा, बारा, तेराचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, पेट्रोलियम जेली.
- टॉर्च आणि अल्टरनेटरच्या मागचं दिसण्यासाठी छोटा आरसा. मोबाईलचा कॅमेराही चालेल.
- गाडीचं मॅन्युअल. त्यातला फ्यूजचा तक्ता हवाच.
- बॅटरीचं बिल आणि वॉरंटी कार्ड. दुकानदाराचा शिक्का आणि तारीख आहे ना, ते आत्ताच बघून ठेवा.

सुरुवात करण्याआधी हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा, चाकाला दगड लावा. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढा. ओढणी किंवा सैल बाही अल्टरनेटर फिरवणाऱ्या पट्ट्याजवळ नको. सोसायटीच्या बंद बेसमेंटमध्ये डिझेल इंजिन चालू ठेवून तपासण्या करू नका, गाडी उघड्यावर आणा.

पायरी १: दिवा नेमका कसा वागतो ते लिहून काढा

चावी ऑन, इंजिन बंद: लागतो का? इंजिन सुरू: विझतो, मंद होतो की तसाच राहतो? रेस दिल्यावर काय होतं? हेडलाइट, वायपर, ब्लोअर लावल्यावर काय होतं? चावी काढल्यावरही मंद पेटतो का?

इंडिकेटर दिला की हा दिवाही लुकलुकतो, ऑइलचा आणि हीटरचा दिवाही विचित्र वागतो, असं असेल तर अल्टरनेटरला हात लावू नका. अनेक दिवे एकत्र बिघडले की दोष बहुधा त्यांच्या सामाईक जागेत, म्हणजे मीटरच्या अर्थमध्ये किंवा सामाईक फ्यूजमध्ये असतो.

डिझेल गाडीत आणखी एक खूण मिळते. पेट्रोल गाडीसारखी इग्निशन कॉइल नसल्यामुळे बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत आरपीएमच्या काट्याला सिग्नल अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून जातो. लाल दिवा लागला आणि त्याच वेळी आरपीएमचा काटा शून्यावर पडला, तर पट्टा किंवा अल्टरनेटरच बघायचा. काटा नीट चालतोय आणि दिवा मात्र गोंधळ घालतोय, तर वायरिंगवर संशय घ्या.

पायरी २: पट्टा

इंजिन बंद करून पट्टा पाहा. कडा फाटलेल्या, आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत झालेली, ऑइलने ओली असेल तर बदला. साध्या व्ही पट्ट्याला दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने जोर दिला की साधारण दहा मिलिमीटर दाबला जायला हवा. पावसाळ्यात सकाळी सेल्फ मारल्यावर काही सेकंद "चीं" असा आवाज आणि तेवढ्यापुरता दिवा, हे सैल पट्ट्याचं लक्षण आहे.

पायरी ३: मल्टीमीटरचे तीन आकडे

मीटर डीसी वीस व्होल्टवर. लाल पिन बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खांबावर, काळी मायनसच्या खांबावर. क्लॅम्पवर नको, कारण खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्येच गंज असू शकतो.

पहिला आकडा सकाळी, सेल्फ मारण्याआधी. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. दुसरा आकडा इंजिन सुरू करून, थोडी रेस देऊन: १३.८ ते १४.५ हवा. तिसरा आकडा हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं लावून, त्याच रेसवर: १३.५ च्या खाली रेंगाळायला नको.

इंजिन सुरू असूनही १२.४, १२.३ असा आकडा उतरत चालला असेल, तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर जात असेल तर कटआउट गेलाय. त्यात लाल दिवा लागेलच असं नाही. बॅटरीचं पाणी वारंवार कमी होणं आणि सडक्या अंड्यासारखा वास येणं, ही त्याची चिन्हं. अशा गाडीत नवी बॅटरी घातली तर तीही उकळून जाईल.

अल्टरनेटरवर १४.३ आणि बॅटरीवर १३.४, असा फरक दिसला तर मधल्या केबलमध्ये दोष आहे. सगळे दिवे लावून, इंजिन चालू ठेवून एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या नटावर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर वायरच्या टोकाचा लग आणि नट साफ करायला हवेत. मग अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये मोजा. इथे ०.२ च्या आत हवं. इंजिन ते चासी ही अर्थची वेणी कोणी बघत नाही, पण खाडीकाठच्या गाड्यांत ती आतून सडते.

पायरी ४: चावी ऑन केल्यावर दिवा लागतच नाही

फ्यूज आधी. नुसता बघू नका, मीटरने तपासा.

फ्यूज ठीक असेल तर अल्टरनेटरवरची बारीक वायर ओळखा. जाड वायरला हात लावायचा नाही. ती थेट बॅटरीची आहे आणि चावी बंद असली तरी जिवंत असते. बारीक वायरचा कपलर काढा, चावी ऑन करा आणि त्या वायरचं टोक इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा.

दिवा लागला, तर बल्ब, फ्यूज आणि वायर तिन्ही ठीक. दोष कपलरच्या पिनमध्ये किंवा अल्टरनेटरच्या आत, बहुतेक वेळा झिजलेल्या कार्बनमध्ये असतो. दिवा नाही लागला, तर बल्ब तरी उडालाय किंवा वायर तरी कुठे तुटलीय.

वायर तपासताना तिच्या बाहेरच्या रूपावर विश्वास ठेवू नका. माझ्या गाडीत कपलरपासून चार बोटांवर वायर दिसायला अगदी चांगली होती. प्लास्टिकला चीर नाही, रंगही गेलेला नाही. रबाळ्याच्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी ती दोन बोटांत धरून हळूच वाकवली, तर ती दोऱ्यासारखी लुळी पडली. त्यांनी आवरण सोललं. आत तांबं नव्हतंच, हिरवी पूड होती, ती फुंकर मारल्यावर उडाली. "खारी हवा वायरच्या आतून चढते, टोकापासून," ते म्हणाले. "चांगली वायर वाकवली की परत सरळ व्हायला बघते. ही बघ, मेलेली आहे." तेव्हापासून मी प्रत्येक संशयित वायर आधी वाकवून बघतो. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, कळवा या पट्ट्यात गाडी उघड्यावर असेल तर ही तपासणी चुकवू नका. वायर जोडताना हिरवा भाग पूर्ण कापून टाका आणि चकाकतं तांबं लागेपर्यंत मागे जा. जोड वळवून नुसती टेप मारू नका, सोल्डर किंवा चांगला क्रिम्प करून वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा.

शेवटचा निकाल टेस्ट लॅम्प देतो. मूळ बारीक वायर बाजूला ठेवा. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं अल्टरनेटरच्या डी प्लसला लावून इंजिन सुरू करा. लॅम्प विझला आणि बॅटरीवर चौदा व्होल्ट आले, तर अल्टरनेटर निर्दोष आहे, दोष गाडीच्या दिव्याच्या लाईनमध्ये आहे. या एका तपासणीने अल्टरनेटरचा नाहक खर्च वाचतो. झाल्यावर लॅम्प काढायला विसरू नका, नाहीतर तोच बॅटरी उतरवेल.

पायरी ५: इंजिन सुरू झालं तरी दिवा विझत नाही

इंजिन बंद, चावी ऑन, बारीक वायरचा कपलर काढा. दिवा विझला तर वायर ठीक, दोष अल्टरनेटरमध्ये. कपलर काढूनही दिवा लागलेलाच राहिला, तर दिवा आणि अल्टरनेटर यांच्या मधली वायर कुठेतरी बॉडीला घासून अर्थ झाली आहे. इंजिनच्या मागच्या ब्रॅकेटजवळ आणि फायरवॉलच्या रबरी बुशमध्ये बघा. तिथे रबर निघालेलं असतं आणि पत्र्याची धार वायर कापते.

पायरी ६: मंद पेटतो

गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त अंदाज मारले जातात ते इथे. मंद दिवा म्हणजे त्याच्या दोन टोकांत एक-दोन व्होल्टचा फरक. तो कोणत्या बाजूने आला ते शोधायचं.

इंजिन चालू ठेवून, कपलर लावलेलाच असताना, मागून बारीक पिन घालून डी प्लस आणि अल्टरनेटरचा जाड नट यांच्यामध्ये मोजा. दोन्ही जवळपास सारखे हवेत. फरक असेल तर आतले डायोड (एसीचा डीसी करणारे भाग) बघायला सांगा. ते सारखे असतील, तर डॅशबोर्डच्या मीटरच्या फ्यूजवर येणारा व्होल्टेज बॅटरीशी ताडून पाहा. तिथे एखादा व्होल्ट कमी येत असेल तर चावीच्या स्विचचे किंवा फ्यूज बॉक्सचे पॉइंट जळलेत. दिवा फक्त ब्लोअर किंवा हेडलाइट लावल्यावर मंद पेटत असेल, तर संशय आधी चावीच्या स्विचवर घ्या. अशा वेळी दिवा डी प्लसकडून उलटा पेटतोय आणि अल्टरनेटर बिचारा नीट काम करतोय.

डायोडची आणखी एक तपासणी: मीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसलं तर डायोड प्लेटवर संशय घ्या. स्वस्त मीटर इथे फसवतात. म्हणून आधी इंजिन बंद असताना त्याच रेंजवर, पिना सुलट आणि उलट लावून बघा. दोन्ही वेळा शून्य आलं तरच त्या मीटरवर भरवसा ठेवा.

चावी काढल्यावरही दिवा मंद पेटत असेल, तर डायोड शॉर्ट आहे आणि रात्रभरात बॅटरी रिकामी होईल. दुरुस्ती होईपर्यंत गाडी उभी करताना बॅटरीचा मायनस काढून ठेवा.

पायरी ७: अल्टरनेटर उतरवला, तर व्हॅक्यूम पंप बघाच

डिझेल इंजिनात ब्रेकचं पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम आपोआप मिळत नाही. त्यासाठी अनेक गाड्यांत अल्टरनेटरच्याच पाठीवर व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो आणि त्याला इंजिन ऑइल पुरवलेलं असतं. या पंपाचं ऑइल सील गेलं की ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरतं. कार्बन ऑइलने भिजतात, काळा चिकट लगदा तयार होतो, रोटरच्या रिंगांना कार्बन नीट टेकत नाहीत आणि दिवा कधी लागतो, कधी विझतो. दुकानात फक्त कार्बन बदलून मिळाले, तर काही आठवड्यांत तोच त्रास परत येतो. सील बदललं का, हे स्वतः विचारा आणि जुनं सील हातात मागून घ्या.

उतरवण्याआधी बॅटरीचा मायनस काढायचा, मगच जाड वायरचा नट. कपलरचे आणि लेबलवरच्या नंबरचे फोटो काढून ठेवा. बहुतेक वेळा कार्बन, कटआउट, बेअरिंग किंवा डायोड प्लेट यांपैकी एखादी वस्तू बदलून काम होतं. "पूर्ण नवा टाका" असं कोणी सांगितलं, तर कोणता भाग गेला आणि तो कशावर तपासला, हे विचारा. बदललेला प्रत्येक भाग बिलावर लिहून घ्या.

हे करू नका, करूही देऊ नका

चालू इंजिनावर बॅटरीचा टर्मिनल काढून "गाडी चालू राहते का" बघणारे लोक अजून आहेत. हात जोडून सांगतो, हे होऊ देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतो आणि कटआउट, डायोड, ईसीयू काहीही उडू शकतं. शिवाय जुन्या पंपाचं डिझेल इंजिन अल्टरनेटर मेलेला असतानाही चालू राहू शकतं, कारण त्याला स्पार्क लागत नाही. म्हणजे धोका पत्करून कळतं काहीच नाही.

मीटरमधल्या चार्जिंगच्या बल्बच्या जागी एलईडी बसवू नका. एलईडीमधून फारच थोडा करंट जातो आणि अल्टरनेटर जागा होत नाही. मीटर "मॉडिफाय" केल्यानंतर चार्जिंग बंद पडलं असेल, तर आधी तिथेच बघा.

ऑइल प्रेशरच्या दिव्याला मात्र ही पद्धत लावू नका. तो चालत्या इंजिनात पेटला तर इंजिन लगेच बंद करा, ऑइलची पातळी बघा आणि खरं प्रेशर गेजने मोजल्याशिवाय "सेन्सर असेल" असं धरून चालू नका.

रस्त्यातच दिवा लागला तर

पहिला प्रश्न: पट्टा आहे की तुटला? बऱ्याच जुन्या इंजिनांत वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असतो आणि अल्टरनेटरवरचा व्हॅक्यूम पंपही. पट्टा तुटला तर तापमानाचा काटा चढतो आणि दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक होतं. मुंब्रा बायपासच्या उतारावर किंवा गायमुखच्या घाटात ही वेळ आली, तर गिअर खाली घ्या, पूर्ण ताकदीने ब्रेक दाबून गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. तिथून पुढे टोइंगच.

पट्टा शाबूत असेल, तापमानाचा काटा जागेवर असेल, ब्रेकचं पेडल नेहमीसारखं असेल, तर एसी, ब्लोअर, टेप बंद करा आणि इंजिन बंद न करता जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. रात्री किंवा मुसळधार पावसात हेडलाइट आणि वायपर बॅटरी झपाट्याने खातात, तेव्हा लांबचा पल्ला धरू नका. कॉमन रेल गाडीत व्होल्टेज फार खाली गेला की ईसीयू आणि इंजेक्टर थांबतात आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. काही जुन्या पंपांवरही सोलेनॉइड असतो. त्याचा करंट तुटला की डिझेल बंद होतं.

पायरी ८: काम झाल्यावर

गाडी ताब्यात घेण्याआधी, गॅरेजमध्येच, पायरी ३ चे आकडे पुन्हा घ्या आणि त्यांचे फोटो काढा. चावी ऑनला दिवा नीट लागला पाहिजे, इंजिन सुरू होताच पूर्ण विझला पाहिजे. अंधारात, मीटरवर हाताची ओंजळ धरून बघा, मंद पेटणं तेव्हाच दिसतं. ब्रेकचं पेडल दाबून बघा, व्हॅक्यूमचा पाइप लावायचा राहिलेला नाही ना. नवीन जोडांवर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, सेल्फ मारण्याआधी, बॅटरी मोजा. रात्रभरात १२.६ चे १२.१ झाले असतील तर त्याच दिवशी गाडी परत न्या आणि दोन्ही आकड्यांचे फोटो दाखवा.